सत्यमची फाईल ऊसतोडीला जाते

एका कागदासाठी माणसाला दोनदा खेप घालावी लागते, हे शिवशंकर मिसाळांना ऐकून माहीत होतं. स्वतःला अनुभव नव्हता. ते भूमी अभिलेख कार्यालयात लिपिक होते आणि गेली कित्येक वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसत होते. आतल्या बाजूनं पाहिलं की प्रत्येक काम सोपं दिसतं. अर्ज करायचा, शुल्क भरायचं, नक्कल घेऊन जायचं. लोक उगाच बोंबलतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

म्हणून त्यांच्या मुलाच्या, सत्यमच्या, हायस्कूलचे बाबू जेव्हा म्हणाले, "गुरुवारपर्यंत जुन्या शाळेतून मुलाच्या विशेष शिक्षणाच्या फायलीची प्रत आणा, नाहीतर प्रस्ताव जाणार नाही," तेव्हा शिवशंकरराव नुसते हसले.

"गुरुवार कशाला? उद्या दुपारी आणून देतो."

"झेरॉक्स पाहिजे. मोबाईलवरचा फोटो चालणार नाही. आणि फाईल ज्याच्या ताब्यात असेल त्याची सही पाहिजे प्रतीवर."

"अहो, मी रेकॉर्डचाच माणूस आहे," शिवशंकरराव म्हणाले. हे वाक्य पुढचा आठवडाभर त्यांना अंथरुणात, जेवताना आणि एसटीच्या खिडकीशी बसलेले असताना आठवत राहिलं.

प्रस्ताव होता दहावीच्या परीक्षेचा. सत्यम हा बोलायला वकील आणि लिहायला अगदीच अडाणी असा मुलगा होता. इतिहासातला एखादा तह तो असा सांगायचा, की तहाच्या वेळी हा तिथं चहाचा ट्रे धरून उभा होता असं ऐकणाऱ्याला वाटावं. पण तेच कागदावर उतरवायचं म्हटलं की अक्षरं एकमेकांच्या जागेवर जाऊन बसत, ओळी खाली घसरत आणि घड्याळ मात्र सरळ पुढे जाई. सहामाहीला इतिहासात चाळीसपैकी पाच पडले. सरांनी तोच पेपर तोंडी विचारला तेव्हा पस्तीस. मधले तीस गुण बोर्डाकडून वसूल करायचे तर लेखनिक आणि जादा वेळ मंजूर व्हायला हवा होता. अध्ययन अक्षमतेचं वैद्यकीय प्रमाणपत्र हातात होतं. राहिली होती ती ही फाईल. ती न मिळाली तर सत्यम इतिहासासकट सगळ्या विषयांत नापास होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच ते मोठ्यानं बोलत नव्हतं. शिवशंकरराव तर रात्री गच्चीवर इतक्या येरझाऱ्या घालत, की खाली पंखा लावलाय की वर माणूस चालतोय ते कळत नसे.

फाईल होती बोरखडकीच्या शाळेत. चौसाळ्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. शिवशंकररावांच्या पत्नी मनिषा तिथल्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होत्या, तेव्हा सत्यम तिथं सातवीपर्यंत शिकला होता. दर मंगळवारी फिरत्या विशेष शिक्षिका वर्षाराणी मॅडम येत आणि त्याचं सगळं लिहून ठेवत. मॅडमची आता दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती. मनिषानं त्यांना फोन लावला.

"ताई, फाईल मीच लिहिलीय," मॅडम म्हणाल्या. "ती बघायचा आणि तिची प्रत घ्यायचा पालकांना हक्क आहे. बिनधास्त मागा. कुणी अडवलं तर सरळ मला फोन करा. फक्त इथं रेंज नसते."

शेजारच्या धोंडीराम काकांचं मत वेगळं पडलं. काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही कामाचा रस्ता त्यांना थांब्यांसकट पाठ होता.

"सरळ शाळेत जाऊ नका," ते भिंतीवरून म्हणाले. "आधी सरपंच. सरपंचावरून केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुखावरून शाळा. थेट गाडी हमेशा रिकामी परत येती."

"काका, हक्काचं काम आहे."

"हक्काची सीट सुद्धा रुमाल टाकल्याशिवाय मिळत न्हाई, शिवशंकरराव."

थेट गाडी दुसऱ्या दिवशी बोरखडकीला पोचली.

मुख्याध्यापक अंगद सर भले गृहस्थ होते. त्यांचा आयुष्यात एकाच वस्तूवर जीव होता, आपल्या सहीवर. आणि म्हणूनच ती ते कुणाला देत नसत. त्यांनी चहा मागवला, सत्यमची चौकशी केली, मनिषा मॅडमच्या काळात उपकेंद्र कसं वेळेवर उघडायचं याची आठवण काढली आणि मग म्हणाले, "फाईल गोपनीय असते."

"कुणापासून?"

"सगळ्यांपासून."

"माझ्याच मुलाची आहे, सर. पालकाला प्रत घ्यायचा हक्क आहे."

अंगद सरांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. "पालकाला आहे," त्यांनी मान्य केलं. "पण तुम्ही रेकॉर्डवरचे पालक नाही."

शिवशंकररावांच्या हातातल्या कपातला चहा बशीत आला.

"म्हणजे नाव तुमचंच आहे," सर घाईनं म्हणाले. "पण रेकॉर्डवरचे शिवशंकर मिसाळ ऊसतोड कामगार आहेत."

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बोरखडकीत दिवाळी झाली की निम्मं गाव उसाला जातं. दिवाळीनंतर जे पोर वर्गात दिसेनासं होतं ते कुठं गेलं, हे इथं कुणी विचारत नाही. सातवीत असताना सत्यम दिवाळीनंतर तीन महिने संभाजीनगरला मामाकडे राहिला होता, तपासण्या आणि खास वर्गासाठी. आता सरांपुढे दोनच वाटा. पोराला शाळाबाह्य दाखवायचं आणि वरून होणारी विचारणा अंगावर घ्यायची, नाहीतर स्थलांतरित दाखवायचं. सरांनी त्याला स्थलांतरित केलं. मूल स्थलांतरित झालं की आईबापांच्या धंद्याचा रकाना आपोआप भरतो. मग टोळीचं नाव लागतं. सरांनी गावातली सगळ्यात भरवशाची टोळी दिली, भिवराबाईंची.

"म्हणजे तुम्ही मला उसाला पाठवलंत?"

"तुम्हाला आणि मॅडमना. जोडीनंच असतं ते. एक कोयता म्हणतात त्याला."

"अहो, पण दोन वर्षांमागं आम्ही शाळा सोडल्याचा दाखला नेला!"

"दाखल्यानं मुलगा गेला," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "फाईल स्थलांतरितांच्या गठ्ठ्यात राहिली. तो गठ्ठा दर हंगामाला टोळीबरोबर कारखान्याकडच्या शाळेत जातो आणि पट्टा पडला, हंगाम संपला, की परत येतो. तुमची फाईल दोन हंगाम करून आलीय. बुधवारी तिसऱ्याला निघेल."

मिसाळांच्या घराण्यात आजवर कुणी ऊस तोडला नव्हता. त्यांच्या फायलीनं दोन हंगाम तोडला होता.

"एवढं काही नाही," सर पुढे म्हणाले आणि त्यांनी एक रजिस्टर सरकवलं. "इथं सही करा, मी गठ्ठा सोडतो, फाईल घेऊन जा."

वास्तविक गोष्ट इथंच संपायची. शिवशंकररावांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांची नजर सहीच्या वरच्या ओळीवर गेली. तिथं त्यांचं नाव, पुढे 'ऊसतोड कामगार', पुढे 'टोळी भिवराबाई' असं ठळक लिहिलेलं होतं. त्यांनी टोपण परत लावलं.

"हे आधी दुरुस्त करा."

"ते माझ्या हातात नाही. शिक्षण खात्याच्या पोर्टलवर होतं."

"मग मी दुरुस्त करूनच येतो," शिवशंकरराव म्हणाले आणि मान ताठ ठेवून बाहेर पडले. मान ताठ असल्यामुळे व्हरांड्याची पायरी त्यांना दिसली नाही.

घरी मनिषा हे ऐकून एवढी हसली, की तिला पाणी प्यावं लागलं. "एक कोयता! लग्न झाल्यापासून तुम्ही मला कुठं जोडीनं नेलं नाही. तेवढं अंगद सरांनी नेलं." मग हसू पुसून ती म्हणाली, "सही करून टाकायची ना. काम तर झालं असतं."

"मी सरकारी नोकर आहे. खोट्या धंद्याखाली सही करू?"

"न्हाई करायची!" भिंतीवरून धोंडीराम काका म्हणाले. भिंतीला कान असतात हे खरं, पण या भिंतीला तोंडही होतं. "इनापरवानगी दुसरा धंदा केला म्हणून थेट चौकशी लागती. आमच्या डेपोत एकानं म्हशी पाळल्या, तर दूध घालायला जातो का ड्युटीवर येतो म्हणून मेमो. तुमचा तर परजिल्ह्यातला धंदा. सहा महिने हेडक्वार्टर सोडलं म्हणतील."

"पण मी सोडलेलं नाही!"

"हजेरीपटावर सही हाय का? मग एकाच दिवशी हितं बी अन् उसात बी. त्ये तर आणखी वाईट."

त्या रात्री गच्चीवरच्या येरझाऱ्या वाढल्या. सत्यमनं खालून हाक मारली, "बाबा, झोपा. मी नापास झालो तर आपण खरंच उसाला जाऊ, मग रेकॉर्ड बरोबर होईल." त्याला झोपायला सांगण्यात आलं.

सोमवारी शिवशंकरराव दुरुस्तीसाठी पोर्टलचा कारभार चालणाऱ्या कचेरीत गेले. तिथल्या ऑपरेटर मुलानं स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं की दुरुस्तीची खिडकी जूनमध्ये उघडते. परीक्षा मार्चमध्ये होती. खूपच विनवण्या केल्यावर तो म्हणाला की खास बाब म्हणून वर पाठवता येईल, पण पुरावा लागेल. शिवशंकररावांनी ओळखपत्र आणि पगाराची स्लिप टेबलावर ठेवली.

"हा तुम्ही लिपिक असल्याचा पुरावा झाला," मुलगा म्हणाला. "ऊसतोड कामगार नसल्याचा कुठंय?"

"दोन्ही एकदम कसा असेन?"

"काका, या जिल्ह्यात माणूस शेतकरी असतो, ड्रायव्हर असतो अन् हंगामात ऊसतोड बी असतो. कागदावरून काय कळतं? मुकादमाचं पत्र आणा, टोळीत नाही म्हणून."

ज्या युक्तिवादानं शिवशंकररावांनी स्वतः अनेक वारसांना घरी परत पाठवलं होतं, तो युक्तिवाद समोरून येताना फार बिनडोक वाटतो, एवढी नोंद त्यांनी मनात केली आणि मुकादमाच्या शोधात निघाले.

भिवराबाईंच्या टोळीचा मुकादम हनुमान हा पालीच्या फाट्यावर ट्रकच्या चाकात हवा भरून घेत होता. त्यानं शिवशंकररावांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, टोळीत घ्या म्हणून लई माणसं येत्यात," तो म्हणाला. "टोळीत न्हाई असं लिवून द्या म्हणणारे तुमीच पयले. कावून पायजे?"

"मुलाच्या परीक्षेसाठी."

"ऊस न तोडल्याची परीक्षा निघाली का आता?" त्यानं हवा भरणाऱ्याकडं बघून डोळा मारला. मग गंभीर झाला. "हात दाखवा."

शिवशंकररावांनी काही न समजून दोन्ही हात पुढे केले. मुकादमानं ते उलटसुलट करून पाहिले, बोटं दाबली, तळव्यावरून अंगठा फिरवला. ज्योतिषानंही कधी एवढं लक्ष दिलं नव्हतं.

"ह्या हातानं कोथिंबीर निवडून होईल," त्यानं निकाल दिला, आणि मागे पडलेल्या पावतीपुस्तकाचा कागद फाडून त्यावर लिहिलं: 'मिसाळ नावाचा इसम माझ्या टोळीत नाही व घेण्यासारखा पण नाही.' खाली सही ठोकली.

एसटीत बसल्यावर शिवशंकररावांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या अर्ध्या वाक्यासाठी ते सकाळपासून उपाशी फिरत होते. दुसरं अर्धं त्यांना जिव्हारी लागलं. निदान प्रयत्न करून बघायचा होता त्यानं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

मंगळवारी ऑपरेटर मुलानं पत्राला जावक क्रमांक नाही म्हणून ते परत केलं. मुकादमाला जावक क्रमांक कुठून असणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मग ते अधिकृत कसं?" हाच प्रश्न शिवशंकररावांच्या कार्यालयातही रोज विचारला जाई, खिडकीच्या आतून.

आता मागे वळायला जागा नव्हती. उद्या गठ्ठा निघणार, परवा प्रस्तावाची मुदत. रात्री गच्चीवर पाऊल वाजलं नाही. शिवशंकरराव पायरीवर बसून होते. मनिषा शेजारी येऊन बसली.

"तुम्हाला लोक ऊसतोड कामगार म्हणाले तर काय होईल?"

"चौकशी."

"ती सोडून?"

"उद्या सही करतो," ते शेवटी म्हणाले. "चौकशी लागली तर लागली. सत्यमला बरोबर नेतो. मुलगा समोर दिसला की सरांना नाही म्हणवणार नाही."

पण एसटी ही काही माणसाच्या निश्चयाकडे बघून सुटत नाही. बीडला गाडी बदलून, चौसाळ्याला उतरून, काळ्यापिवळ्या जीपमध्ये नऊजणांच्या मांडीवर बसून बापलेक बोरखडकीत पोचले तेव्हा अंगद सर शाळेच्या दारातच हात झटकत उभे होते.

"करतो सही!" शिवशंकरराव लांबूनच ओरडले. "ऊसतोड तर ऊसतोड! कुठंय रजिस्टर?"

"आता नाही घेता येणार," सर दुःखानं म्हणाले. "सकाळीच गठ्ठा पोच केला. ताबा भिवराबाईंचा. ट्रक भरतोय बघा पारापाशी."

शिवशंकरराव धावले. चपलेचा अंगठा तुटला तरी धावले.

पारापाशी ट्रकमध्ये अख्खा संसार चढत होता. पिठाचे डबे, घागरी, कोयत्यांची मोळी, उसाच्या पाचटीच्या खोपीवर टाकायच्या ताडपत्र्या, करडं, डालग्यातल्या कोंबड्या. या सगळ्याच्या मधोमध पत्र्याच्या पेटीवर पन्नाशीच्या भिवराबाई बसल्या होत्या आणि कुणी कुठं बसायचं ते बोटानं सांगत होत्या.

"बाई, तुमच्या पेटीत माझ्या मुलाची फाईल आहे," शिवशंकरराव धापा टाकत म्हणाले. "मिसाळ माझं नाव."

भिवराबाईंचं बोट हवेतच राहिलं. "आगं बया! आमच्या टोळीतले मिसाळ?" त्यांनी सगळ्यांना हाक दिली. "आरं बघा रं, मिसाळ घावला!" मग शिवशंकररावांना वरून खाली न्याहाळून म्हणाल्या, "दोन वर्सं हुडकतीय मी तुमाला. कागदावर नाव, अन् माणूस न्हाई! कारखान्यावरचा मास्तर इचारतोय, मिसाळाचं पोरगं कुठंय? म्या काय सांगावं? तापानं पडलंय म्हनून सांगितलं. दोन हंगाम तापात हाय तुमचं पोरगं."

"आता बरं वाटतंय, काकू," सत्यम म्हणाला.

ट्रक हसला. म्हणजे त्यातली सगळी माणसं. शिवशंकररावांनी घाईघाईनं काय पाहिजे ते सांगितलं.

"नक्कल नेयाची तर न्या," भिवराबाई म्हणाल्या, "पर फाईल माझ्या हातातून सुटायची न्हाई. सही माझी हाय. गठ्ठ्यातलं एक पान कमी भरलं तर मास्तर मला धरंल. झेराक्स काढा, म्या हितं बसतीय."

गावातलं झेरॉक्स मशीन सेवा केंद्रात होतं. लाईट सकाळपासून गेलेली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"चौसाळ्याला लाईट असंल," भिवराबाई सरकून जागा करत म्हणाल्या. "चढा."

शिवशंकररावांनी ट्रककडे पाहिलं. मागच्या फाळक्यावर पाय कुठं ठेवायचा हे त्यांना उमजेना. खालून एकानं ढकललं, वरून दोघांनी ओढलं आणि भूमी अभिलेखचे लिपिक पोत्यावर येऊन पडले. सत्यम आधीच वर होता. त्याच्या मांडीवर करडूही आलं होतं.

ट्रक हलला तशी भिवराबाईंनी पेटी उघडली, गठ्ठ्याची गाठ सोडली आणि सत्यमची फाईल शोधून काढली. पानांमध्ये उसाची एक वाळलेली पात निघाली. शिवशंकरराव हात पुढे करणार तोच भिवराबाईंनी दुसरीच एक फाईल त्यांच्या हातात ठेवली.

"आदी ही वाचा. माझ्या लेकीची हाय, संस्कृतीची. मला सही येती, पर हे अक्षर लई बारीक हाय. दोन वर्सं पेटीत घिऊन फिरतीय. काय लिवलंय म्हनून सरांना इचारलं, तर म्हनले, गोपनीय."

शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिच्या कानामागं यंत्राची वायर दिसत होती. शिवशंकररावांना आपली फाईल हवी होती, रस्ता संपत चालला होता, चौसाळ्यात दुकान उघडं असेल का ही धास्ती होती. तरी त्यांनी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला ते कार्यालयात वाचतात तसे, एका सुरात, भरभर. मग ट्रकच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून मोठ्यानं. मग, का कोण जाणे, सावकाश.

"'उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या कानाने यंत्र लावून चांगले येते. पहिल्या बाकावर, शिक्षक डावीकडे येतील असे बसवावे. शिक्षकाचे तोंड दिसले पाहिजे. मुलगी हुशार आहे.'"

"फिरून वाचा," भिवराबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"तिकडं उसाच्या पोरांना मागं बशिवत्यात," भिवराबाई बाहेर बघत म्हणाल्या. "म्या म्हनलं, गप बसती, डोकं न्हाई लेकराला. मागं बसून ऐकूच येत नसंल तर काय बोलंल." त्यांनी मुलीला उचलून आपल्या डावीकडून उजवीकडे घेतलं, असं की तिचा डावा कान आईकडे यावा. मग तिच्याशी काहीतरी बोलल्या. मुलगी हसली.

तेवढ्यात मागून एक हात आला. "दादा, माझ्या पोराचं बी हाय गठ्ठ्यात. त्याचं काय म्हनतंय?" मग दुसरा हात. शिवशंकररावांनी तीन फायली वाचल्या. चौथी सत्यमची. तीही आता सगळ्यांसमोरच वाचावी लागली.

"'तोंडी उत्तरे उत्कृष्ट. वाचन व लेखन फार हळू. घाई केली की चुका वाढतात. लेखनिक द्यावा. वेळ द्यावा.'"

"म्हंजे पोरगं हुशार हाय," मागचा माणूस म्हणाला. "फकस्त टाईम पायजे."

हेच वाक्य बोर्डाला पटवण्यासाठी शिवशंकरराव आठवडाभर जिल्हा पालथा घालत होते. या माणसाला ते एका वाचनात पटलं होतं.

चौसाळ्यात लाईट होती. ट्रक झेरॉक्सच्या दुकानासमोर थांबला, आणि नेमकी त्याच वेळी समोरच्या हॉटेलातून चहा पिऊन शिवशंकररावांचे साहेब बाहेर पडले. फाळक्यावरून एक पाय खाली सोडून लोंबकळणारा, एका पायात चप्पल नसलेला, केसांत पाचट अडकलेला माणूस आपला लिपिक आहे हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मिसाळ? तुम्ही तर रजेवर ना?"

"हो साहेब. मुलाच्या शाळेचं काम होतं."

साहेबांनी ट्रककडे पाहिलं, कोयत्यांकडे पाहिलं, सत्यमच्या मांडीवरच्या करडाकडे पाहिलं. "कुठल्या शाळेत घातलंय?" त्यांनी हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

एरवी या प्रसंगानं शिवशंकरराव महिनाभर आजारी पडले असते. आज त्यांना सवड नव्हती. दुकानदार एका फायलीच्या प्रती काढतोय तोवर ट्रकमधून तीन बाया उतरल्या. त्यांनाही आपापल्या पोरांच्या प्रती हव्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न आणि शिव्या आलटून पालटून देत होता. शिवशंकरराव काउंटरपाशी उभे राहून पानं जुळवत होते, नावं पुकारत होते, टाचण्या मारत होते. भिवराबाईंनी सत्यमच्या प्रत्येक पानावर सही केली. त्यांना सहीला वेळ लागे, पण एकही अक्षर सुटत नसे. मग त्यांनी मूळ फायली मोजून पेटीत घातल्या आणि संस्कृतीची प्रत घडी करून चोळीत खोचली.

"ही दावली अन् मास्तर म्हनला, गोपनीय हाय, तर?"

"म्हणावं, तुझ्यासाठी असेल, माझ्यासाठी नाही," शिवशंकरराव म्हणाले. "पहिला बाक मागा. तो द्यावाच लागतो. आणि नाही दिला तर मला फोन करा." त्यांनी प्रतीच्या मागे आपला नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. "माझ्याकडे रेंज असते."

गुरुवारी सकाळी शिवशंकरराव इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून, सत्यमसह हायस्कूलच्या बाबूंसमोर उभे राहिले. बाबूंनी पानं उलटली, सह्या तपासल्या, प्रमाणपत्राशी नाव ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. शिक्का हातात घेतला. मग तो हवेतच थांबला.

"इथं वडिलांचा धंदा ऊसतोड कामगार लिहिलाय. आणि इथं टोळी."

शिवशंकररावांना दुरुस्तीची खिडकी दिसली. जून दिसला. ऑपरेटर मुलगा दिसला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

बाबूंनी चष्म्याच्या वरून इस्त्रीकडे पाहिलं, मग दोन पेनांकडे. "तुम्ही ऊस तोडता?"

शिवशंकररावांनी खिशातलं एक पेन हळूच काढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्याही नियमाचा आधार नसलेलं वाक्य त्यांना बोलायचं होतं, आणि ते काही केल्या जुळेना. तेव्हा शेजारून सत्यमच बोलला.

"तोडतात, सर. पण टोळीत सगळ्यात हळू."

बाबूंनी बापाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या घड्याळात पाच वाजेपर्यंत त्यांना असले आणखी बरेच प्रस्ताव बांधायचे होते. शिक्का पडला.

मैदान ओलांडून बापलेक गेटाशी आले. बाहेर पडल्यावर मात्र शिवशंकररावांना राहवेना.

"सगळ्यात हळू म्हणायची काय गरज होती रे?"

"मग काय, पहिला नंबर सांगू?" सत्यम म्हणाला. "बाबा, काहीतरी त्यांना पटेल असं नको का सांगायला?"